लोटनचा स्वतःचा आवाज

लोटन,

तुझ्या गंधमुक्तीला, म्हणजे दिवसकार्याला, मंडपात जो बॅनर लावला होता, त्यावर तुझे चार फोटो होते. एकात पदर डोक्यावर घेऊन डोळे वटारलेला तू, एकात फेटा बांधून हातात तांब्या धरलेला, एकात छातीशी पुस्तक, एकात मांडीवर बेंजो. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: हास्यकलाकार, अभिनेता, लेखक, संगीतकार. बोलायला उठलेल्या प्रत्येकानं तुला अष्टपैलू म्हटलं. एक पुढारी म्हणाले, हा माणूस एका जन्मात चार जन्म जगला.

मी, तुझी बहीण, बायकांच्या बाजूला बसून ऐकत होते. उठावं, माईक घ्यावा आणि सांगावं असं फार वाटलं, की हे चार जन्म नव्हेत, एकच माणूस चार वेळा मागे सरकला. जिथे उभा होता तिथली जमीन गेली, म्हणून पुढच्या दगडावर पाय ठेवला. त्याला हौस म्हणू नका. पण मी उठले नाही. मी माईक हातात घेऊन तोंड उघडलं असतं तर मंडप हसला असता, आणि त्यांचा दोष नसता.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी तुझं काम पाहिलेलं नाही, त्यांना हे सांगायला हवं. आपल्याकडे घरात कोणी गेलं की नातेवाईक ‘दारावर’ येतात. बायका उंबऱ्यातच पदर तोंडावर ओढून हेल काढून रडतात, मग पाणी पितात, मग कसं झालं ते विचारतात. तू त्यावर सोंग बसवलंस. हळदीच्या कार्यक्रमात, यात्रेत, नंतर मोबाईलच्या व्हिडिओत, सगळीकडे तेच मागायचे लोक. दारावर आलेली नर्स ताई. खांद्याला पर्स, कपाळावर चढवलेला चष्मा. बाकीच्या बायका रडतायत आणि ही आत शिरल्या शिरल्या घर तपासतेय.

‘काय वं, पानीना माठवर झाकन नही? एक गया, आखो दोन जातीन ना आशेच!’

मग ती मढ्याकडे वळायची.

‘काय रे, गोया दिधेल व्हत्यात ना मी? वखतवर घेवाले सांगेल व्हतं ना? आते पडना ना उताना! उठ. उठ, नाटकं नको करू.’

शहाद्यापासून विसरवाडीपर्यंत पोरं हे वाक्य एकमेकांना म्हणायची. आणि मी खरी नर्स, मोलगीच्या वरच्या अंगाला उपकेंद्रावर नोकरी, सुट्टीला घरी यायची. शहाद्याच्या स्टँडवर एसटीत चढताना मी कंडक्टरला ‘भाऊ, खिडकी उघडा, हवा नाही’ म्हटलं की मागच्या बाकावर कुणीतरी फिसकायचं. मला माझ्याच आवाजात बोलायची चोरी करून ठेवली होतीस तू.

आपला जुना वाद तेवढा राहून गेला. नानाकाका वारले तेव्हा मी माठावर झाकण ठेवलं, हे कबूल. पण मी काकांच्या प्रेताशी बोलले नव्हते. तू शेवटपर्यंत म्हणत राहिलास, ‘तू बोलनी व्हती. मी दारमा उभा व्हतो.’ मी म्हणायची, तुझ्या मनाचं घालू नकोस. तू म्हणायचास, मनाचं असतं तर लोक एवढे हसले नसते. नानाकाकांच्या खोलीत तेव्हा आपण दोघंच होतो, आता मी एकटी साक्षीदार उरले आणि तरी जिंकल्यासारखं वाटत नाही. शिवाय आज मी तुला उद्देशून लिहायला बसले आहे, म्हणजे तू म्हणायचास तसंच, मेलेल्या माणसाशी बोलते आहे. तेव्हा ऐकून घे.

तुझ्या दारावर लोक आले तेव्हाचं सांगते. आजूबाजूच्या गावांतून बायका आल्या होत्या, खोली भरली होती, हेल चालू होते. सुरेखा, तुझी बायको, कोपऱ्यात बसलेली. कुणीतरी पाण्याची बादली उघडीच आणून ठेवली. मी म्हटलं, ‘बादलीवर झाकन ठेवा वं कोनी.’ मला म्हणायचं नव्हतं, तोंडातून निघालं. हेल थांबले. मग पदरांच्या आतून कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी एक. तोंडं झाकलेली, त्यामुळे कोण ते कळेना. खांदे हलत होते. मामी तर पोट धरून हसत होती आणि मग तिचं ते हसणं कधी हुंदक्यात गेलं तिलाही कळलं नाही. सुरेखा तेवढी हसलीही नाही, रडलीही नाही. माझ्याकडे बघत राहिली. ती काय विचार करत होती ते मला नंतर समजलं.

पुढाऱ्यांच्या भाषणातून जे सुटलं ते मी इथे नीट लावते, कारण मला अर्धवट नोंदी आवडत नाहीत.

तुझं तोंड आधीपासून बंद होत चाललं होतं. गुटख्याची पुडी तू कॉलेजपासून खायचास. माझ्यासमोर नाही, पण मला वास येत नव्हता असं तुला वाटत असेल तर तू मूर्ख होतास. स्टँडसमोर आपण पाणीपुरी खायला उभे होतो. तू पुरी बोटांनी फोडून अर्धी अर्धी खात होतास. घरी आल्यावर मी टॉर्च काढली.

‘तोंड उघड.’

‘उघडेलच शे.’

‘आखो उघड.’

‘इतलंच व्हस, ताई.’

दोन बोटं आडवी जाईनात. गालांच्या आतली कातडी दोरीसारखी ताठ झाली होती. त्याच दिवसांत लोक म्हणायला लागले होते की लोटनच्या सोंगात पूर्वीची मजा नाही, फार सावकाश बोलतो. सावकाश बोलायला तुला कुठे हौस होती? शब्द बाहेर यायला जागा नव्हती.

तेवढ्यात तो सिनेमा मिळाला. मुंबईच्या दिग्दर्शकाला तू आवडलास तो त्यामुळेच. वाड्यावरचा नोकर, पाटलाच्या मागे तांब्या घेऊन उभा, दात न उघडता चार वाक्यं बोलतो. पेपरात छापून आलं की खानदेशातल्या या नटाचा अभिनय अतिशय संयत आहे. तू मला उपकेंद्रावर फोन केलास. हसून हसून बोलता येत नव्हतं तुला.

‘ताई, माले संयत म्हंतस! तोंड उघडस नही, हाई कोनलेच मालूम नही!’

मी हसले नाही. मी म्हटलं, पुडी सोडली का? तू फोन ठेवलास.

मग जिभेच्या कडेला पांढरा चट्टा, मग चट्ट्याची जखम. मी तुला सुरतेला घेऊन गेले. डॉक्टर सरळ माणूस होता. जिभेचा मोठा भाग आणि डाव्या जबड्याचं हाड काढावं लागेल. जगशील, पण बोलणं कुणाला समजेल असं नाही. बाहेर बाकावर सुरेखा बसली होती, मांडीवर तुमची काही महिन्यांची दिव्या. तू मला जिन्याकडे घेऊन गेलास.

‘जीभ गयी ते मी काय ऱ्हासू?’

‘जिता ऱ्हाशी.’

‘कोन जिता ऱ्हाई?’

‘ते आधी. बाकीनं मंग देखसूत.’

मी तेव्हा असं म्हणाले आणि आजही तेच म्हणेन. समोर पेशंट असेल तर आधी श्वास, बाकी नंतर. मला यात बदलण्यासारखं काही दिसत नाही. पण तुझा प्रश्न होता तिथेच राहिला. ऑपरेशननंतर पहिला मजकूर तू मोबाईलवर लिहून मला पाठवलास तो असा: ‘तू जिता ठेवं. कोनले ठेवं ते सांग.’ त्या दिवशी माझ्याकडे लसीकरण होतं, ओटीवर बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. उत्तर दिलं नाही. नंतर समोरासमोर भेटलो तेव्हा तू परत विचारलं नाहीस. डोळ्यांनी मात्र विचारत राहिलास, प्रत्येक वेळी, जेवणाच्या नळीत मी कांजी सोडताना.

लेखक झालास तो असा. बोलता येईना म्हणून लिहायला लागलास. हिलाल, तुझा लहानपणापासूनचा मित्र, इतकी वर्षं तुझे व्हिडिओ काढायचा आणि जोडायचा. आता तो साडी नेसून ताई झाला आणि तू त्याला वाक्यं लिहून देऊ लागलास. वाक्यं तुझ्या आधीच्या कामापेक्षाही चांगली होती, हे मला मान्य आहे. पण हिलालला थांबता येत नव्हतं. ‘उठ’ म्हटल्यावर तू एक क्षण थांबायचास, मढ्याकडे खरंच उठण्याची वाट बघितल्यासारखा. त्या क्षणात लोक फुटायचे. हिलाल लगेच पुढचं बोलून मोकळा. तू समोर बसून मांडीवर हात आपटायचास, घशातून आवाज काढायचास. तो बिचारा घाबरून आणखी भरभर बोलायचा. एकदा तू ताट फेकून मारलंस. हिलाल म्हणाला, ‘लोटनभाऊ, तूच ये मंग आठे उभा ऱ्हा!’ आणि मग त्यालाच रडू आलं.

पेपरातलं सदर चाललं, पुस्तक निघालं. प्रकाशनाला तुझं मनोगत एका प्राध्यापकांनी वाचून दाखवलं, तुझी अहिराणी त्यांनी प्रमाण मराठीत सुधारून घेतली होती. तू पहिल्या रांगेत बसून हात जोडलेस. घरी आल्यावर पुस्तकाचा गठ्ठा पलंगाखाली ढकललास.

मग बेंजो. बेंजोला दुसऱ्याचं तोंड लागत नाही, एवढंच त्याचं कारण. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्यानं तारा छेडायच्या. लग्नात वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत मागे बसून वाजवायला लागलास. बॅनरवर संगीतकार लिहिलंय, पण मी खरं सांगते, तू बेंजो मध्यम वाजवायचास. तुलाही ते माहीत होतं. एका पावसाळ्यात तू माझ्याकडे वर राहायला आलास. मोलगीच्या बाजाराच्या दिवशी जीपच्या थांब्यावर बसून वाजवायचास. तिथे लोक भिली, पावरी बोलतात. मी एवढी वर्षं राहून माझी मोडकीतोडकीच. तू बोलत नाहीस याचं तिथे कुणाला काही वाटलं नाही, आपल्यापैकी निम्मे लोक तसेही त्यांच्याशी बोलत नाहीतच. जीपवाला तुला पुढच्या सीटवर बसवायचा. तू आधी कोण होतास हे ठाऊक नसल्यामुळे कुणी तुला बिचारा म्हटलं नाही. ते दिवस तुझे बरे गेले असं मी समजते. चूक असेल तर सांगायला तू नाहीस.

आजार परत आला तेव्हा तू मला टॉर्च काढू दिली नाहीस. हात धरलास आणि मान हलवलीस. मी पुढचं बोलणार होते, केमो, पुन्हा सुरत, पण तू हात सोडेनास. उन्हाळ्याआधी सगळं संपलं.

आता सुरेखाचं. गंधमुक्तीनंतर पाहुणे गेले, भाड्याच्या चटया परत गेल्या. ती माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, ‘ताई, दिव्याले तेस्ना आवाज आयकाडना शे. तेस्ना सोताना. पहिलाना.’

मी म्हटलं, त्यात काय अवघड आहे, मोबाईल उघड.

मोबाईल उघडला. व्हिडिओ लावला. तू पदर घेऊन आलास, माठाचं झाकण शोधू लागलास. दिव्यानं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘हाई तं फुई शे.’ फुई म्हणजे मी, तिची आत्या. सुरेखा म्हणाली, ‘नही वं, पप्पा शेतस.’ दिव्यानं माझ्याकडे बघितलं, मोबाईलकडे बघितलं. ‘फुईच शे.’ दुसरा व्हिडिओ, तिसरा. सगळीकडे मी. जिथे मी नाही तिथे गल्लीतली म्हातारी, तलाठी, हळदीतला मामा. इतकी वर्षं तू बोलत होतास, आणि त्यात लोटन म्हणून एक वाक्य नव्हतं. मला तेव्हा कळलं की दारावर माझ्याकडे बघताना सुरेखाला काय दिसत होतं. नवऱ्याच्या आवाजातलं जे शिल्लक होतं ते माझ्या तोंडात होतं, आणि तेही त्याचं नव्हतं.

मी कामाला लागले. काम असलं की मला बरं वाटतं. सिनेमा मिळवला. तुझी चार वाक्यं ऐकली आणि सुरेखानं मान हलवली. हिलालला फोन केला तेव्हा कळलं, तुझे उच्चार नीट येत नव्हते म्हणून सिनेमावाल्यांनी पुण्याच्या कुणा मुलाकडून तुझ्या ओठांवर आवाज बसवून घेतला होता. तू हे आम्हाला कधी सांगितलं नाहीस. पेपरवाल्यांनी ज्याला संयत म्हटलं तो आवाजही दुसऱ्याचा. तुमच्या लग्नाची सीडी काढली. तू वरातीत हसत काहीतरी ओरडतोयस, ओठ हलतायत, आणि वर पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी चढवलेली. आपल्याकडचा प्रत्येक फोटोवाला तेच करतो. लोकांचं बोलणं म्हणजे त्याला कचरा. फोनवरचे जुने रेकॉर्ड सुरेखाच्या आधीच्या मोबाईलबरोबर गेले.

मग मला सुचलं. शूटिंगमध्ये दोन तुकड्यांच्या मधे तू बोलत असशीलच. पंखा बंद करा, चहा आणा, परत घेऊ. तो आवाज तर तुझाच. हिलाल घरी आला, सगळ्या हार्ड डिस्क घेऊन आला.

‘मधलं कोठे शे?’ मी विचारलं.

‘मधलं?’

‘सोंग सुरू व्हवाना आधीनं. सरल्यावरनं.’

त्यानं एका डिस्कची वायर गुंडाळायला घेतली. मग म्हणाला, ‘ताई, जागा लागे ना डिस्कमा. रोज संध्याकाय मी मधलं सगळं काढी टाकू. ते कामनं नव्हतं.’

‘सगळं?’

‘भाऊच सांगे, साफ ठेव म्हने. कामनं तेवढंच ठेव.’

त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. चांगला कारागीर होता, सांगितलेलं नेमानं करत होता. तो तिथेच जमिनीवर बसून डिस्क परत पिशवीत भरत राहिला, एकेक फडक्यानं पुसून. सुरेखा आत गेली आणि तिनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

ऑपरेशननंतरचा तुझा आवाजही कुणाकडे नाही. तू घशातून काही बोलायला लागलास आणि कुणी मोबाईल समोर धरला की सुरेखा हात आडवा करायची. बरोबरच होतं तिचं. आम्ही सगळेच मोबाईल खाली ठेवायचो. तुझा मान राखायचो. तेव्हा ऐकणारे आम्ही, आणि आम्हाला त्यातलं काही कळायचं नाही. तू ‘अं’ आणि ‘हूं’ यांच्या मधलं काहीतरी ओढून, चढवून, तोडून काढायचास आणि दिव्या लगेच सांगायची: ‘पप्पा मीठ मांगी ऱ्हायना.’ ‘पप्पा म्हनस, दार लोट.’ आम्ही हसायचो, पोरगी हुशार, खाणाखुणांवरून ओळखते. मीही तसंच धरून चालले होते. तान्ही असल्यापासून ती तुझ्या मांडीवर, तिला काय कळत नसणार, एवढाच माझा विचार.

परवा रविवारी मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. शेजाऱ्यांची बकरी आपल्या कुंपणात तोंड घालून लिंबाची फांदी ओढत होती. दिव्या तिच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी होती. आणि तिच्या तोंडून तू बोललास.

दुसऱ्या कशाला मी तुझा आवाज म्हणणार नाही, आणि याला मात्र म्हणते. तोच घसा, तोच चढ, तोच मधला तुटका हुंकार. आणि बोलता बोलता ती थांबली, बकरीकडे बघत, आता ही ऐकेल म्हणून वाट बघितल्यासारखी. मग पुढचं. ओला टॉवेल माझ्या हातातून चिखलात पडला. ती काही नक्कल करत नव्हती, लोटन. ते बोलणं होतं. त्यात शब्द होते. मला एकही कळला नाही, पण शब्द होते, एकामागून एक, आपापल्या जागी. तुम्ही दोघं आमच्या घरात इतकी वर्षं एक भाषा बोलत होतात आणि मी, तुझ्या जिवाचा एवढा हिशोब ठेवणारी, ती भाषा अंगणात उभी राहून नुसता आवाज म्हणून ऐकत होते.

कुणाला जिवंत ठेवलं, असं तू विचारत होतास. तो हा होता, दिव्याशी बोलणारा. तुला ठाऊक असणार. मला सांगण्यासाठी तुझ्याकडे माझी भाषा उरली नव्हती आणि मी तुझी शिकले नव्हते.

‘काय बोलनी तू तिले?’ मी विचारलं.

‘पाला नको खाऊ, पोट दुखी. आनि तुन्ही माय तुले कवयपासून हाका मारी ऱ्हायनी.’

एवढं सगळं होतं त्यात.

मी हात पुसले आणि मोबाईल काढला. ‘दिव्या, आते जसं बोलनी तसंच बोल बरं.’

तिनं मोबाईलकडे बघितलं. मग बकरीला म्हणाली, ‘पाला नको खाऊ, पोट दुखी.’

‘आसं नही. पप्पासारखं.’

‘फुई, आते पप्पा नही ना,’ ती म्हणाली. समजावून सांगितल्यासारखी, अजिबात रडवेली न होता. ‘कोनले समजी?’

मी तिला खोटं सांगू शकले असते की मला समजेल. सांगितलं नाही. मोबाईल धरून तशीच उभी राहिले. बकरीनं फांदी ओढून घेतली. दिव्या तिच्या मागे धावली, आणि त्यानंतर बकरीशीही ती आमच्यासारखंच बोलली.